शेळ्यांचे त्वचारोग

शेळ्यांचे त्वचारोग म्हणजे परजीवी, बुरशी, विषाणू, जिवाणू किंवा पोषणातील उणीव यांमुळे शेळीच्या कातडीवर, केसांत व ओठांवर उद्भवणारे विकार होत. खाज, केसगळती, खपल्या, पुरळ आणि गाठी ही त्यांची प्रमुख लक्षणे आहेत. ही लक्षणे वरवर सारखी दिसत असली, तरी त्यांची कारणे भिन्न असतात. त्यामुळे एका रोगावरील औषध दुसऱ्यावर निरुपयोगी ठरते.

पार्श्वभूमी

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यावरून नाव पडलेली उस्मानाबादी ही शेळीची जात मांस व दूध या दोन्हींसाठी पाळली जाते. लातूर, तुळजापूर व उदगीर हा परिसरही तिच्यासाठी ओळखला जातो. परंडा तालुक्यातील सोनारीसारखी गावे ज्यात येतात, त्या अवर्षणप्रवण भागात भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांना शेळी ही अडीअडचणीला विकता येणारी मालमत्ता असते. त्वचारोगाने जनावर दगावले नाही, तरी त्याचे वजन, दूध व बाजारभाव घटतो आणि कातडेही खराब होते.

या जातीच्या बहुतेक शेळ्या काळ्या रंगाच्या असल्याने कातडीवरील लाली सहज दिसत नाही. केस बाजूला सारून व हात फिरवून तपासणी करावी लागते. उवांची पांढरट अंडी (लिखा) मात्र काळ्या केसांवर चटकन दिसतात.

ओळख

निदानाच्या प्रारंभी तीन गोष्टी पाहतात : खाज आहे का, ताप आहे का, आणि विकार शरीराच्या कोणत्या भागावर आहे.

खरूज : सारकॉप्टिस या सूक्ष्म किडीमुळे होते. तीव्र खाज हे तिचे मुख्य लक्षण. शेळी भिंतीला वा खुंटाला अंग घासते. तोंड, कान व पायांवरील केस गळून कातडी जाड व सुरकुतलेली होते. कीड कातडीत बिळे करून राहत असल्याने डोळ्यांना दिसत नाही. कातडी खरवडून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तपासणीत कीड आढळली नाही, तरी तेवढ्यावरून खरूज नाही असे ठरत नाही.

उवा व गोचीड : या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. रक्त शोषणाऱ्या उवा व गोचीड यांमुळे करडांना रक्तक्षय होऊ शकतो.

गजकर्ण : बुरशीजन्य रोग. चेहरा, कान व मानेवर गोलसर, केस गळालेले, राखाडी खपल्यांचे चट्टे येतात. खाज बहुधा कमी असते.

मावा : विषाणुजन्य रोग. ओठ व नाकपुड्यांभोवती जाड खपल्या येतात. करडांना दूध पिता येत नाही, तर आईच्या सडांवरही फोड येऊ शकतात. साधारणतः तीन ते सहा आठवड्यांत रोग आपोआप बरा होतो.

देवी : हा सर्वांत गंभीर विषाणुजन्य त्वचारोग होय. शेळीचे नेहमीचे तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते. या रोगात ते ४० अंशांच्या वर जाते. नंतर ओठ, कास, शेपटीखालचा भाग अशा कमी केसांच्या जागी कठीण गाठी येतात. करडांमध्ये मरतूक अधिक असते.

ओठांवरील खपल्यांसोबत ताप, नाकातून स्राव व हगवण असेल, तर पीपीआर या रोगाचीही शंका घ्यावी लागते.

उपचार

खरजेवर पशुवैद्यक सामान्यतः आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कातडीखाली देतात. त्याचे प्रमाण दर किलो वजनास ०.२ मिलिग्रॅम असते. म्हणजे ३० किलोच्या शेळीस ६ मिलिग्रॅम. हे औषध किडीच्या अंड्यांवर परिणाम करत नाही, म्हणून एक ते दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. पहिल्या मात्रेने खाज थांबल्यावर उपचार सोडून दिल्यास रोग उलटतो. त्याच वेळी कळपातील सर्व शेळ्यांवर उपचार करून गोठाही स्वच्छ करावा लागतो. औषध दिल्यानंतर ठरावीक काळ दूध व मांस वापरू नये.

चावणाऱ्या उवांवर हे इंजेक्शन पुरेसे प्रभावी नसते. त्यांवर कीटकनाशकाची फवारणी किंवा धुणी करतात. गजकर्णावर बुरशीनाशक मलम लावतात. मावा व देवी यांच्या विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत; ती जखमांत जिवाणूंचा शिरकाव झाल्यासच देतात. माव्याच्या जखमा पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य द्रावणाने धुऊन त्यांवर बोरोग्लिसरीन लावतात.

खरजेवर रॉकेल किंवा जळके इंजिन तेल चोळण्याची प्रथा अपायकारक आहे. त्याने कातडी भाजते आणि शेळीने अंग चाटल्यास विषबाधा होते.

मानवास संसर्ग

खरूज, गजकर्ण व मावा हे रोग माणसाला होऊ शकतात. शेळीच्या खरजेने येणारी खाज बहुधा अल्पकाळ टिकते. माव्यामुळे हातावर गाठ येते. आजारी शेळी हाताळताना हातमोजे वापरावेत व नंतर साबणाने हात धुवावेत. शेळीची देवी मात्र माणसाला होत असल्याचे मानले जात नाही.

प्रतिबंध

नवे जनावर दोन ते तीन आठवडे वेगळे ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय, कारण खरूज व देवी बहुधा बाजारातून आणलेल्या शेळीबरोबर येतात. देवीवर प्रतिबंधक लस उपलब्ध आहे. भारतात गुरांच्या लम्पी त्वचारोगाच्या साथीतही शेळीच्या देवीचीच लस वापरली गेली. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचा समावेश असल्याने संशयित रोगाची माहिती कळवणे मालकावर बंधनकारक आहे.