‘पुन्हा कंपाइल केलं, झालं!’ असं नसतं हो

डिंभ्याहून घोडेगाव, मंचर, नारायणगाव करत खोडदकडे वळलं, की जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसू लागतात. त्या पाहून परतताना कोणीतरी हमखास म्हणतं, ‘कॉम्प्युटर नवे आणले असतील, जुना प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला असेल, झालं!’ कॉम्प्युटर शिकलेली मंडळीही हे म्हणतात, तेव्हा वैताग येतो.

पगारपत्रक, दुकानाची बिलं असल्या प्रोग्रॅमपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण हार्डवेअरला चिकटून चालणाऱ्या कोडमध्ये त्या प्रोसेसरबद्दलची गृहीतकं मुरलेली असतात. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला ती दिसत नाहीत.

खोडदचंच पाहा. 30 तबकड्या म्हणजे 435 जोड्या. प्रत्येक जोडीचे संकेत येतील तसे, न थांबता, एकमेकांशी गुणायचे. आधी हे काम खास त्यासाठी बनवलेल्या चिप करत. मग ते 48 नोडच्या लिनक्स क्लस्टरवर आलं. त्यावरचा शोधनिबंध 2010 मध्ये ‘एक्स्पेरिमेंटल अ‍ॅस्ट्रॉनॉमी’त आला आहे, शंका असेल त्यांनी वाचावा. कॅशचा नेटका वापर, अनेक थ्रेड आणि एका दमात अनेक आकडे हाताळणाऱ्या वेक्टर सूचना, सगळी मदार यांवर. पुढे दुर्बिणीची बँडविड्थ 32 वरून 400 मेगाहर्ट्‌झपर्यंत वाढली आणि गुणाकार जीपीयूकडे गेले. जीपीयूला सीपीयूच्या त्या वेक्टर सूचना कळतच नाहीत. तिथे हजारो थ्रेड एकदम धावतात, मेमरीची रचनाही निराळी. गणित तेच राहतं, पण कामाची वाटणी मुळापासून नव्याने करावी लागते.

याहून खोलातलं उदाहरण पुण्यात आहे. सी-डॅक या संस्थेचा परम 8000 (1991) हा सुपरकॉम्प्युटर ट्रान्सप्युटर नावाच्या चिपवर चालायचा. प्रक्रियांना आळीपाळीने वेळ देणारा शेड्युलर त्या चिपच्या आतच होता, शेजारच्या चिपशी बोलायच्या चार वाटाही होत्या. पुढचा परम 10000 (1998) अल्ट्रास्पार्क या स्पार्क घराण्यातल्या प्रोसेसरवर आला. तिथे पाळ्या लावणं हे ऑपरेटिंग सिस्टिमचं काम. जे चिपच करत होती त्याचा कोडच कुठे नव्हता, मग कंपाइल काय करणार, डोंबल? बाइटचा क्रमही फिरला. ट्रान्सप्युटर आकड्याचा एकक बाजूचा बाइट आधी ठेवायचा, स्पार्कवर तो शेवटी गेला, आणि 2008 च्या परम युवामध्ये इंटेल आल्यावर पुन्हा पहिला झाला.

यावर ठरलेली उत्तरं येतात. ‘सी भाषेत आहे, म्हणजे कुठेही चालेल.’ लिनक्सही सीमध्येच होतं, तरी ते इंटेलच्या 386 प्रोसेसरला बांधलेलं आहे, पोर्टेबल नाही, असं 1991 मध्ये खुद्द लिनक्सचे कर्ते टॉरवाल्ड्‌स यांनीच जाहीर केलं होतं.

‘जुन्या प्रोसेसरची नक्कल करणारा इम्युलेटर वापरा की!’ वापरा, पण दुर्बिणीचे संकेत थांबून राहत नाहीत. इम्युलेटर मागे पडला तर तेवढं आकाश हुकलं.

‘चाचण्या पास, म्हणजे पोर्टिंग (कोड नव्या प्रोसेसरवर नेणं) पूर्ण.’ ही समजूत सर्वांत महाग पडते. इंटेलवर एका कोअरने मेमरीत केलेल्या नोंदी दुसऱ्या कोअरला त्याच क्रमाने दिसतात. आर्म जातीचे प्रोसेसर ही हमी आपणहून देत नाहीत. त्यामुळे इंटेलवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला कोड आर्मवर शंभरदा नीट चालेल आणि एखाद्या वेळी अर्धवट डेटा वाचेल. सी-डॅक आता आर्मवर बेतलेला प्रोसेसर घडवत आहे, तेव्हा हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे. जुन्या कोडमध्ये हा क्रम कुठे गृहीत धरलाय, हे कोणीतरी बसून ओळ न् ओळ वाचूनच शोधावं लागतं, आणि तिथे बॅरिअर, म्हणजे क्रम पाळायला लावणारी सूचना, घालावा लागतो.