खेळाची घडण आणि तिची परिभाषा

खो-खोच्या मैदानावर पाठलाग करणाऱ्या गड्यास एकदां धरलेली दिशा सोडून मागें वळण्याची मुभा नसते. बसलेल्या गड्यांची रांग मधूनच ओलांडण्याचीहि नसते. पलीकडे जावयाचें तर खांबाला वळसा घालावा लागतो. पळणारा मात्र त्याच रांगेंतून वाटेल तेव्हां इकडून तिकडे निसटतो. पकडणें हेंच ज्याचें काम, त्याच्याच पायांत ही बेडी कशासाठीं घातली असावी? बेडी काढून पाहिली म्हणजे उत्तर मिळतें. चपळ गडी सरळ धांवत जाऊन समोरच्यास गांठील आणि रांगेंत बसलेले आठ जण केवळ प्रेक्षक होतील. त्यांना ‘खो’ देण्याची गरज त्या मनाईमुळेंच उत्पन्न होते; आणि खो केव्हां द्यावा, कोणास द्यावा, हूल कशी दाखवावी, ही सारी कला त्या गरजेंतून जन्मास येते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं ह्या खेळाचे नियम बांधले, ते मुख्यत्वें अशा मनायांचेच होते असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

कॅनडांत अध्यापन करणारे तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स ह्यांनीं १९७८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत खेळाची जी व्याख्या सिद्ध केली, तिचें मर्म हेंच आहे. टाळतां येण्याजोगे अडथळे मनुष्य आपखुशीनें पत्करतो आणि ते ओलांडण्याचा यत्न करतो, तेव्हां तो खेळत असतो. व्यवहारांत अडथळा ही आपत्ति. खेळांत तोच मूळ भांडवल.

खेळ रचणें ही अलीकडे स्वतंत्र विद्या झाली आहे, आणि प्रत्येक विद्येप्रमाणें तिलाहि परिभाषा लागते. २००४ मध्यें रॉबिन हनिकी, मार्क लब्लाँ व रॉबर्ट झुबेक ह्या तिघांनीं खेळाचे तीन थर सांगितले. पहिला थर यंत्रणेचा, म्हणजे नियम व साधनें. दुसरा वर्तनाचा, म्हणजे ते नियम पाळतांना खेळणारे प्रत्यक्ष जें करूं लागतात तें. आणि तिसरा खेळणाऱ्याच्या मनांत उठणाऱ्या भावाचा. ह्या तिसऱ्या थराला आपल्या आलंकारिकांचा ‘रस’ हा शब्द इतका चपखल बसतो कीं दुसरा शोधण्याचें कारण नाहीं. खो-खोंतील मनाई ही यंत्रणा, हूल हें वर्तन, आणि बघ्यांचा श्वास रोखला जातो तो रस. रचणाऱ्याच्या हातीं फक्त पहिला थर असतो. रांधणाऱ्याच्या स्वाधीन तिखटमीठ. चव जेवणाऱ्याच्या जिभेवर. म्हणूनच नवा खेळ कागदावर कितीहि सुरेख दिसला तरी तो अनोळखी माणसांस खेळावयास देऊन, आपण मुकाट्यानें बाजूस बसून पाहावा लागतो.

यंत्रणेंतील सर्वांत जुना घटक म्हणजे दैव. त्याची मापें घेतां येतात, आणि तीं घेणें मोठें मनोरंजक आहे. सोंगट्यांच्या पटावर सहा कवड्या टाकण्याची एक प्रचलित रीत अशी: सर्व पालथ्या पडल्या तर पंचवीस, एकच उताणी पडली तर दहा, आणि दोनपासून सहापर्यंत उताण्या पडल्यास तितकेंच दान. कवडी उताणी वा पालथी पडण्याचा संभव सारखा मानला तर सहा कवड्या एकंदर ६४ प्रकारांनीं पडूं शकतात. (खरी कवडी इतकी निःपक्षपाती नसते, तूर्त तें सोडून द्यावें.) त्यांपैकीं तीनाचें दान २० प्रकारांनीं येतें, दोनाचें व चाराचें प्रत्येकीं १५ प्रकारांनीं, दहाचें व पांचाचें प्रत्येकीं ६ प्रकारांनीं, परंतु पंचवीस, आणि तसेंच सहा, अवघ्या एकाच प्रकारानें. ज्या दानावरून पचिशीचें नांव पडलें, तेंच सर्वांत दुर्मिळ आहे! कोणा अज्ञात रचनाकारानें दुर्मिळतेला मोठें बक्षीस बांधून दिलें आणि शतकानुशतकें माणसें त्या एका दानाकडे डोळे लावून बसलीं. १८९६ सालीं इंग्लंडांत ह्याच पटावरून लुडो निघाला, तेव्हां कवड्या गेल्या आणि एक फांसा आला. फांशाच्या सहाहि बाजूंचा संभव सारखा. कवड्यांच्या एका दानाची सरासरी सुमारें सव्वाचार भरते, फांशाची साडेतीन. पण खरा फरक सरासरींत नाहीं, चढउतारांत आहे. लुडो सौम्य आहे, पचिशी उसळती आहे. पट तोच, यंत्रणेंतील एक वस्तु बदलली आणि रस पालटला.

दैवाच्या जोडीला निवड असावी लागते. सोंगट्यांत दान पडल्यावर चार सोंगट्यांपैकीं कोणती हलवावी, समोरच्याची मारावी कीं आपली सुरक्षित घरांत न्यावी, हें खेळणाऱ्यानें ठरवावयाचें असतें. सापशिडींत ठरवावयाचें कांहींच नसतें. एखादा खेळतां खेळतां झोंपीं गेला आणि शेजाऱ्यानें त्याच्या वतीनें फांसा टाकला, तरी निकालांत तिळमात्र अंतर पडणार नाहीं. मात्र ह्यास रचनेचा दोष म्हणण्याची घाई करूं नये. ह्या खेळाच्या जुन्या पटांवर सापांना दुर्गुणांचीं व शिड्यांना सद्गुणांचीं नांवें असत. तेथें जीवाची वाटचाल पाहावयाची होती, डावपेंच लढवावयाचे नव्हते. बुद्धिबळांत उलट सर्व निवडच, आणि सर्व माहितीहि उघडी. पत्त्यांत माहिती झांकलेली असते, आणि समोरच्याच्या हातांत काय आहे ह्याचा अंदाज बांधणें हाच खेळाचा अर्धा भाग होतो.

डाव मध्यावर आल्यावर एक निराळाच प्रश्न उभा राहतो: पुढें गेलेला आणखी पुढें जावा, कीं मागें पडलेल्यास हात मिळावा? पहिल्या प्रकारास वाढतें चक्र म्हणावें, दुसऱ्यास सांवरतें चक्र. वाढत्या चक्राचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतलें आहे. एलिझाबेथ मॅगी ह्या बाईंनीं १९०४ सालीं ‘लँडलॉर्ड्स गेम’ ह्या पटाचें पेटंट मिळविलें. जमीन बळकावणारा भाडें घेतो, भाड्यांतून आणखी जमीन घेतो आणि अखेरीस सर्वांस नागवतो, हें लोकांस खेळतां खेळतां उमगावें असा त्यांचा हेतु होता. पुढें त्यांनीं नियमांचे दोन संच दिले. एकांत मक्तेदारी होती, तर दुसऱ्यांत जमिनीच्या भाड्याचा लाभ सर्वांस मिळे. १९३५ मध्यें पार्कर ब्रदर्स कंपनीनें चार्ल्स डॅरो ह्यांच्याकडून घेतलेला ‘मोनॉपली’ बाजारांत आणला आणि मॅगीबाईंचें पेटंट ५०० डॉलरांस विकत घेतलें. जगभर पसरला तो मक्तेदारीचा संच. आपल्याकडील ‘व्यापार’ त्याच घराण्यांतला. त्यांत पाऊण तासांत कोण जिंकणार हें कळून चुकतें, तरी उरलेला तासभर बाकीच्यांनीं रखडावयाचें असतें. मुलें पट उधळून देतात त्यांत त्यांचा फारसा अपराध नाहीं.

ह्याच्या तुलनेनें कबड्डी पाहावी. प्रतिपक्षाचा गडी बाद झाला कीं आपला बाद झालेला एक गडी परत येतो; म्हणजे येथेंहि बळी तो कान पिळी. पण सातहि गडी बाद होऊन लोण चढला कीं प्रतिपक्षास दोन गुण जादा मिळतात आणि बाद झालेला संघ सगळाच्या सगळा पुन्हां उभा राहतो. गुण गेले, पण शक्ति परत आली. २०१४ पासून चालणाऱ्या प्रो कबड्डींत तीन किंवा कमी गडी उरलेल्या संघानें पकड केली तर एक गुण अधिक देतात, आणि लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरींत गुण मिळवावाच लागतो, नाहींतर चढाई करणारा बाद. पहिला नियम दुबळ्यास आशा देतो. दुसरा वेळकाढूपणा मोडतो.

ही परिभाषा केवळ हौसेची नाहीं. १८६७ च्या जुगारविषयक कायद्यानें निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते, आणि १९६८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें रमी हा मुख्यत्वें कौशल्याचा खेळ ठरविला. मोबाइलवर पैशांचे डाव आले तेव्हां तोच भेद पुन्हां पुढें आला. लुडो दैवाचा कीं कौशल्याचा, हा वाद २०२१ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें गेला. पण घरोघरचें नुकसान ज्या यंत्रणेनें होत होतें, ती दैव आणि कौशल्य ह्या जोडींत सांपडत नव्हती. फर्स्टर व स्किनर ह्या मानसशास्त्रज्ञांनीं १९५७ च्या ग्रंथांत कबुतरांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं बक्षीस अनियमितपणें मिळत राहिलें तर प्राणी फार चिवटपणें तीच क्रिया करीत राहतो. पचिशींतलें पंचवीस हें असेंच अनियमित बक्षीस. पण तेथें कवड्या सर्वांसमक्ष सतरंजीवर पडतात, दोन दानांमध्यें गप्पा होतात, आणि डाव संपतो. मोबाइलवर फांसा कंपनीच्या पोटांत, पुढचा डाव क्षणांत तयार, आणि मोजणी रुपयांत. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानें म्हणूनच तो जुना भेद बाजूस ठेवला: पैसे लावून ऑनलाइन खेळला जाणारा डाव कौशल्याचा असो वा दैवाचा, त्यास मनाई, ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ निराळे. माजघरांत सतरंजीवर मांडलेल्या पटाशीं त्या कायद्याचा संबंध येत नाहीं.