काळ्या रंगाने इंजिन थंड राहते का?

खांदेश्वर स्थानकाबाहेर सकाळी लागलेल्या दुचाकींच्या रांगेवर नजर टाका. कुणाचे इंजिन काळे, कुणाचे चंदेरी, तर कुणी हौसेने क्रोम करून घेतलेले. पनवेलची खाडी जवळ असल्याने हवा दमट आणि खारट. अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरू लागली की इंजिन रंगवून घ्यावेसे वाटते. मग सल्ले सुरू होतात. ‘काळा मारा, इंजिन थंड राहील’, ‘पावडर कोटिंग करा’, ‘सिरॅमिक घ्या’. यातले कोणते ऐकावे?

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग गाडी पळवण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णताच. तिचा मोठा वाटा धुराबरोबर जातो, उरलेला इंजिनाच्या अंगातून बाहेर पडावा लागतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटर नसतो. ते काम सिलिंडरभोवतीच्या पातळ पात्या, म्हणजेच फिन्स करतात. त्यांना ते जमले नाही, तर तेल पातळ होते, पिस्टन आणि सिलिंडर घासू लागतात आणि शेवटी इंजिन ‘सीझ’ होते.

शाळेत शिकलेले वहन, अभिसरण आणि प्रारण हे तिन्ही मार्ग इथे कामाला लागतात. धातूतून उष्णता पात्यांच्या टोकापर्यंत जाते ते वहन. वारा ती घेऊन जातो ते अभिसरण. आणि गरम पृष्ठभाग अदृश्य अवरक्त किरण बाहेर टाकतो ते प्रारण. थराचा संबंध मुख्यतः पहिल्या आणि तिसऱ्या मार्गाशी आहे.

प्रारणात पृष्ठभागाला महत्त्व असते, हे स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन लेस्ली यांनी 1804 मध्ये दाखवले. गरम पाण्याने भरलेल्या धातूच्या चौकोनी डब्याची काजळी लावलेली बाजू भरपूर उष्णता बाहेर टाकत होती, तर चकचकीत बाजू फारच कमी. दोन्हींचे तापमान मात्र एकच. इंजिनाचेही तसेच. 150 अंश सेल्सिअस तापलेला मॅट काळा पृष्ठभाग 35 अंशांच्या परिसरात दर चौरस मीटरला सुमारे 1,200 वॅट प्रारण करतो. पॉलिश केलेले अॅल्युमिनियम 100 वॅटही करत नाही. म्हणजे क्रोम दिसायला छान, पण उष्णता अडवून धरणारे.

गंमत म्हणजे, रंग काळाच हवा असे नाही. अवरक्त किरणांच्या बाबतीत पांढरा रंगही जवळजवळ काळ्याइतकाच उत्सर्जक असतो. फरक पडतो तो उघडा चकचकीत धातू आणि रंगाचा थर यांच्यात.

पण म्हणून ‘काळा मारला की इंजिन थंड’ असेही नाही. गाडी धावत असताना वारा प्रारणाच्या कित्येक पट उष्णता नेतो. शिवाय पात्या एकमेकींसमोर असतात. एकीचे प्रारण दुसरीवर पडते, बाहेर जाते ते फक्त कडांवरचे. त्यामुळे रंगाचा फायदा आहे, पण थोडाच. तो जाणवेल तो कळंबोलीच्या कोंडीत, गाडी जागच्या जागी धडधडत असताना. जुन्या बजाज चेतकसारख्या स्कूटरमध्ये इंजिन झाकलेले आणि पंख्याने थंड होणारे. तिथे रंगाचा प्रश्न आणखी गौण.

आता जाडीकडे वळू. रंग अॅल्युमिनियमच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी उष्णतावाहक असतो. 25 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ थर असेल, तर गाडी धावताना अडथळा जेमतेम एक टक्का. पण जुना रंग न खरवडता प्रायमर, रंग, लॅकर असे थरावर थर चढवून जाडी पाव मिलिमीटर झाली, तर तो दहा टक्क्यांच्या घरात जातो. साधे पावडर कोटिंग सहसा 60 ते 80 मायक्रॉनचे असते; एकच थर चालतो, पण ते इंजिनाचे तापमान सोसणारे आहे का, हे आधी विचारावे. अॅनोडायझिंग उत्तम, पण सिलिकॉन जास्त असलेल्या ओतीव भागांवर ते डागाळलेले उमटते.

सर्वांत मोठी गल्लत शब्दांची होते. डब्यावर ‘600 अंशांपर्यंत उष्णतारोधक’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ तो रंग तेवढ्या तापमानात टिकतो, इंजिन थंड करतो असा नव्हे. एक्झॉस्ट पाइपवरचे सिरॅमिक कोटिंग तर उष्णता आत कोंडण्यासाठीच असते. पाइपवर ते योग्य, सिलिंडरच्या पात्यांवर अगदी उलट काम करणारे.

तेव्हा सिलिकॉन रेझिनवर आधारित, उच्च तापमानाचा मॅट रंग निवडावा. जुना थर काढून, तेलकटपणा पुसून, एक-दोन पातळ हात मारावेत आणि डब्यावरील सूचनेप्रमाणे तापवून पक्का करावा. फवारताना मास्क हवा, जागा मोकळी हवी. थिनरची वाफ फुप्फुसांना चांगली नाही.

आणि रंगाचा डबा घेण्याआधी एक बिनखर्चाचे काम करा. इंजिन पूर्ण निवल्यावर पात्यांमध्ये बसलेला चिखल आणि तेलाचा चिकटा ब्रशने काढा. चिखलाचा दोन मिलिमीटरचा थर कोणत्याही रंगापेक्षा अधिक घातक आहे, आणि तो आपणच जपलेला असतो.