अधिवृक्क ग्रंथी : एवढीशी टोपी, केवढं काम!



मागच्या पालकसभेनंतर एक आई मागे थांबल्या. मुलाला मूत्रपिंडाच्या आजारामुळे अंगावर सूज यायची, म्हणून काही महिने स्टेरॉईडच्या गोळ्या चालू आहेत. चेहरा गोल झालाय, वर्गातली पोरं 'लाडू' म्हणून चिडवतात. "मॅडम, सूज तर उतरली. आता गोळ्या बंद केल्या तर चालतंय का?" मी म्हटलं, "ताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका." असं का, हे समजण्यासाठी अधिवृक्क ग्रंथी समजून घेऊया.

ही ग्रंथी कुठे असते, काय करते?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. मोठ्या माणसात एकीचं वजन जेमतेम 4 ते 5 ग्रॅम. तिच्या आतल्या भागातून ॲड्रेनलीन येतं. सदाशिवगड चढताना अचानक पायाजवळ साप दिसला की छाती धडधडते, ते याच्यामुळे. बाहेरच्या थरातून मुख्यतः दोन संप्रेरके येतात. अल्डोस्टेरॉन शरीरातील मीठ-पाणी सांभाळतं. कॉर्टिसॉल रक्तातील साखर आणि रक्तदाब टिकवतं. ताप, अपघात, ऑपरेशन अशा वेळी शरीराला कॉर्टिसॉल जास्त लागतं.

संप्रेरक कमी पडलं तर

1855 मध्ये लंडनचे डॉ. थॉमस ॲडिसन यांनी या आजाराचे वर्णन केले. सततचा थकवा, वजन घटणे, उभं राहताच चक्कर, खारट खावंसं वाटणे आणि त्वचा, हिरड्या, तळहाताच्या रेषा काळवंडणे ही त्याची लक्षणे. क्षयरोग हे त्याचं एक कारण आपल्याकडे आजही आढळतं.

काही बाळांमध्ये कॉर्टिसॉल बनवण्याची क्रिया जन्मतःच अडलेली असते. त्यातल्या गंभीर प्रकारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या होतात, वजन घटतं आणि जीव धोक्यात येतो. मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून जास्त नवजात बाळांची सरकारी अभ्यासात तपासणी झाली, तेव्हा साधारण पावणेसहा हजारांत एका बाळाला हा आजार आढळला. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून तो कळू शकतो. गोव्यात 2008 साली अशी तपासणी सुरू झाली.

संप्रेरक जास्त झालं तर

याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय बारीक राहतात, त्वचेवर जांभळट पट्टे उमटतात. मुलांमध्ये एक खूण महत्त्वाची आहे : वजन वाढतं, पण उंची वाढायची थांबते. नुसतं खाऊन जाड झालेलं मूल बहुधा उंचीनेही वाढत असतं.

मग गोळ्या अचानक का थांबवायच्या नाहीत?

स्टेरॉईडच्या गोळ्या कॉर्टिसॉलसारखंच काम करतात. त्या काही आठवडे बाहेरून मिळाल्या की आपली ग्रंथी सुस्तावते. अशात गोळी एकदम बंद झाली, तर बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही! उलट्या, रक्तदाब कमी होणे, बेशुद्धी इथपर्यंत वेळ येते. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतात. गुडघेदुखीवर किंवा दम्यावर मिळणाऱ्या बिनानावाच्या पुड्यांतही स्टेरॉईड असू शकतं, त्यामुळे त्या घेऊच नका. घेत असाल, तर पुडी डॉक्टरांना नेऊन दाखवा.

आपण शाळेत काय करू शकतो?

1) उंची-वजनाची नोंदवही दरवर्षी पडताळा. उंची थांबलेली दिसली, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. हा कार्यक्रम 2013 साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला.
2) ज्या मुलाला स्टेरॉईड चालू आहे, त्याची नोंद पालकांकडून घ्या. त्याला ताप, उलट्या किंवा मोठी दुखापत झाली, तर "घरी जाऊन झोप" म्हणू नका. पालकांना लगेच फोन करा, दवाखान्यात न्या आणि गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी सांगा.
3) थकणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी एकदा विचारपूस करा.

त्या ताई दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेल्या. आता मात्रा टप्प्याटप्प्याने कमी होत आहे, चेहराही ओसरेल. चेहऱ्यापेक्षा चिडवणंच त्याला जास्त लागत होतं. म्हणून मी हाच पाठ वर्गात सोप्या भाषेत, त्याचं नाव न घेता घेतला. 'लाडू' हे नाव आता वर्गात कुणी घेत नाही.