अकरावीत भूगोल घेतला नाही म्हणून काय अडतं?

"अकरावीला भूगोल नव्हता, आता जंगल-जमिनीवर संशोधन जमेल का?" हा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. जमतं. पण वेळ जातो. दहावीनंतर मीही भूगोल सोडला होता, कारण भूगोल म्हणजे नद्या-राजधान्या पाठ करणं असंच डोक्यात होतं.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलाचे 1981 चे आणि नंतरचे आकडे एका तक्त्यात मांडले. जंगल धाडकन कमी झालेलं! खाणी, वीजकेंद्र, कोळसा यांवर दोन पानं लिहूनही टाकली. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "1982 ला काय झालं होतं?"

26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. माझं 'नष्ट झालेलं' बरंचसं जंगल वैनगंगेच्या पलीकडे जागच्या जागी उभं होतं, फक्त जिल्हा बदलला होता. आज गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाखाली आहे, चंद्रपूरचा साधारण एक-तृतीयांश. मग तालुकावार तुलना करावी म्हटलं, तर पुढे तालुकेही फोडले गेलेले. शेवटी गावांच्या याद्या जुळवत बसावं लागलं, चार महिने गेले.

आकडा कोणत्या हद्दीतला आहे आणि ती हद्द कधीची, हा प्रश्न भूगोलाच्या विद्यार्थ्याला आपोआप पडतो, कारण त्याचा हात नकाशावर बसलेला असतो. बारावीला 80 गुण लेखी आणि 20 प्रात्यक्षिकाचे. सगळे त्या 80 च्या मागे लागतात. संशोधनात खरे कामी येतात ते 20.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांचंच बघा. जुन्या क्रमांकात 4 अंश गुणिले 4 अंशांचा एक मोठा चौकोन, त्याचे ए ते पी असे 16 भाग. 20 अंश उत्तर आणि 80 अंश पूर्व या रेषा गडचिरोली शहराच्या दक्षिणेला एकमेकींना छेदतात, आणि तिथे असे चार मोठे चौकोन भेटतात. म्हणून ब्रह्मपुरी 55 पी मध्ये, चंद्रपूर 56 एम मध्ये, धानोरा 64 डी मध्ये आणि एटापल्ली 65 ए मध्ये. (80 आणि 20 इथेही आलेच, हा निव्वळ योगायोग.) हे माहीत नसेल तर शेजारशेजारच्या दोन गावांसाठी दोन वेगळ्या चौकोनांतले नकाशे का मागवावे लागतात, तेच कळत नाही.

हे सगळं परीक्षेपुरतं नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा दावा करताना गावाला आपली पारंपरिक हद्द दाखवावी लागते: कुठल्या नाल्यापासून, कुठल्या टेकडीपर्यंत. म्हातारी माणसं हद्द चालून दाखवतात, कोणीतरी ती कागदावर उतरवतं. लोक नाल्याला गोंडीत एका नावाने ओळखतात, नकाशावर नाव दुसरंच असतं, किंवा नसतंच. समोच्च रेषा वाचता येणारा एखादा बारावीचा पोरगा किंवा पोरगी गावात असेल, तर गावाला बाहेरच्या माणसावर कमी विसंबावं लागतं.

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ 'क्षेत्रभेट' आहे. तुमचा भूगोल सुटला असेल तर तिथूनच धरा. लाज वाटून घेऊ नका, मीही तिथूनच धरला. मग अकरावी-बारावीची प्रात्यक्षिकं करा, आणि सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून आपल्या गावाचा 1:50,000 चा नकाशा उतरवून घ्या (तिथल्या नव्या नकाशांचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे आहेत, गोंधळू नका). त्यावर 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 1 किलोमीटर. तो घेऊन गावाच्या शिवेवर एक फेरी मारा, सोबत गावातलं एखादं जुनं माणूस असू द्या. ते सांगतील ती शीव आणि कागदावरची शीव जिथे जुळत नाही, तिथे पेन्सिलने खूण करा आणि त्या दिवसाची तारीख टाका.