‘माय’ आणि ‘आई’

आमच्या घरांत जन्मदात्रीस ‘आई’ म्हणत, भिंतीपलीकडच्या घरांत ‘माय’. लहानपणीं जळगांवच्या आळींत खेळतांना दिवेलागणीस दोन्ही हाका एकदमच ऐकूं येत, आणि कोणती हाक कोणाच्या घरची, याविषयीं आम्हां मुलांस कधीं शंका पडली नाहीं. पुढें शिक्षक झाल्यावर मात्र एक समजूत आमच्या मनांत पक्की बसली, ती अशी कीं, ‘आई’ हा शुद्ध शब्द आणि ‘माय’ हा गांवंढळ. ही समजूत घेऊन आम्हीं तीस वर्षांहून अधिक काळ मराठी शिकविलें. ती सर्वस्वीं उफराटी होती, हें वाचकांस सांगावें म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम अपराध सांगतों. नोकरीच्या प्रारंभींच्या वर्षांत सहावीच्या वर्गास आम्हीं ‘माझी आई’ हा निबंध घातला होता. धुळ्याकडील एक मुलगा त्या वर्षीं आमच्या वर्गांत नवा आलेला होता. घरची बोली अहिराणी. त्याच्या वहींतलें पहिलेंच वाक्य होतें, ‘माझी माय पहाटे वावरांत जाते.’ पुढें पानभर माय होती. माय भाकरी बांधून देते, माय कापूस वेंचते, मायच्या बोटांना बोंडें टोंचतात. वर्गांतला सर्वांत चांगला निबंध तोच होता, आणि तें आम्हांस तेव्हांही कळलें होतें. तरी तांबड्या शाईनें आम्हीं प्रत्येक ‘माय’ खोडून तिच्या डोक्यावर ‘आई’ लिहिलें. अशा अकरा जागा झाल्या. समासांत ‘भाषा ग्राम्य’ असा शेरा दिला. मुलानें वही घेतली, एकदां पाहिली, आणि कांहीं न बोलतां तो जागेवर जाऊन बसला. त्यानंतरचे त्याचे निबंध निर्दोष असत, आणि त्यांत वाचण्याजोगें कांहीं नसे.

आतां व्युत्पत्तीकडे वळूं. संस्कृत ‘पाद’ शब्दांतील मधला द प्राकृतांत गळाला, उरलेल्या दोन स्वरांमध्यें य आला, आणि आपला ‘पाय’ झाला. ‘राजा’मधील ज त्याच वाटेनें गेला, ‘राय’ झाला. ‘माता’ या शब्दांतील त गळून प्राकृतांत ‘माआ’ आणि ‘माया’ अशीं रूपें होतात. शेवटला स्वर आंखडला कीं ‘माय’. पाद-पाय ही जोडी आम्ही वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों. तिच्या शेजारींच माता-माय ही जोडी उभी आहे, हें आमच्या डोळ्यांस कधीं दिसलें नाहीं. विद्या होती, पण ती शेजाऱ्याच्या दारापर्यंत नेण्याची बुद्धि झाली नाहीं.

बरें, ज्या घरांत ‘माय’ ऐकून नाकें मुरडतात, त्या घरांतूनही हा शब्द गेलेला आहे असें नाहीं. लेक जाते तें ‘माहेर’ म्हणजे मातृगृह. ‘मावशी’ म्हणजे मातृष्वसा, आईची बहीण. आपण अभिमानानें मायबोली म्हणतों, मायभूमि म्हणतों. ‘आईबोली’ असें कोणी म्हणून पाहावें! वारकरी ज्ञानोबांस ‘माउली’ म्हणतात ती त्याच कुळांतली, आणि शके १२१२ मध्यें सांगितलेल्या त्यांच्या ज्ञानेश्वरींत ‘माय’ शब्द सन्मानानें वावरतो आहे.

मग ‘आई’ कोठून आली? ‘माता’पासून ती निघत नाहीं, कारण आरंभींचा म असा सहजासहजीं जात नसतो. कन्नडांत ‘आयि’ आणि तामिळांत ‘आय्’ हे मातृवाचक शब्द आहेत, आणि अनेक अभ्यासक आपल्या ‘आई’चें नातें त्यांच्याशीं जोडतात. म्हणजे शेजाऱ्याचा शब्द संस्कृतोद्भव, आणि आमच्या सोंवळ्यांतला शब्द बहुधा दक्षिणेकडून आलेला! कोणी वाचक येथें रागावतील, म्हणून पाणिनीचा दाखला देतों. मातृवाचक शब्दांचें संबोधन ऱ्हस्व होतें असा त्याचा एक नियम आहे, आणि त्याचीं उदाहरणें देतांना वैयाकरण ‘अम्बा’, ‘अक्का’, ‘अल्ला’ असे शब्द घेतात. यांतली ‘अक्का’ कन्नडांत व तेलुगूंत वडील बहीण आहे, आणि आपल्याही घरांत ती नांदते. ‘अम्बा’ आणि दक्षिणेची ‘अम्मा’ यांचें साम्य तर कानास लगेच जाणवतें. आईस हांक मारतांना आपल्या पूर्वजांनीं शब्दाचें गोत्र विचारलें नाहीं.

जगाकडे पाहिलें तर गंमत अधिकच वाढते. लॅटिन ‘मातेर’, फारसी ‘मादर’, जर्मन ‘मुटर’, इंग्रजी ‘मदर’ हे आपल्या ‘मातृ’चे सख्खे चुलतभाऊ, कारण त्यांत केवळ ‘मा’ नाहीं, शेवटचा ‘तृ’देखील जुळतो, आणि पितृ, भ्रातृ या शब्दांतही तो तसाच जुळतो. परंतु चिनी भाषेंतही ‘मा’ म्हणजे आई आणि आफ्रिकेंतील स्वाहिलींत ‘मामा’ म्हणजे आई. तेथें हें नातें कोठून आणावें? रोमन याकोब्सन या भाषापंडितानें १९६० सालीं प्रसिद्ध झालेल्या लेखांत याचा उलगडा केला. दूध पितांना तान्ह्याचें तोंड मिटलेलें असतें. त्या वेळीं नाकांतून जो हुंकार निघतो तो म-काराच्या जवळचा असतो. पुढें भूक लागली कीं तोच हुंकार मागणीचा होतो, आणि माता तो आपलें नांव म्हणून घेते. ‘मातृ’ शब्द मा धातूपासून काढून ‘निर्माण करणारी’ असा अर्थ आपले शास्त्री सांगतात. तो अर्थ सुंदर आहे. पण आम्हांस वाटतें, धातूच्या आधीं बाळ होतें. मात्र या नियमासही अपवाद आहे. जॉर्जियन भाषेंत ‘मामा’ म्हणजे बाप, आणि आई म्हणजे ‘देदा’. आपल्याकडे तोच ‘मामा’ आईचा भाऊ होऊन बसला आहे.

हें सर्व आम्हांस कळलें तें सेवानिवृत्तीनंतर, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळांत कोश चाळतां चाळतां. इतिहासाचार्य राजवाडे यांचें ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच देहावसान झालें, आणि त्यांच्यामागें १९२७ च्या जानेवारींत हें मंडळ स्थापन झालें. शब्दांच्या कुळकथा शोधण्यांत त्या पुरुषानें आयुष्य वेंचलें, आणि त्यांच्याच जिल्ह्याशेजारीं बसून आम्ही शाई खर्चीत होतों. ग्रिअर्सन साहेबानें १९०७ च्या आपल्या खंडांत खानदेशीस मराठीपासून निराळें, भिल्ली बोलींच्या सोबत स्थान दिलें. तो वाद पंडितांनीं करावा. पण ज्या बोलीला स्वतःचें व्याकरण आहे, ती बिघडलेली मराठी नव्हे, एवढें तरी आम्हांस मान्य करावें लागलें.

या एका जळगांव जिल्ह्यानें मराठीस दोन्ही दिल्या. अमळनेरच्या शाळेंत शिक्षक असलेले साने गुरुजी मूळचे कोंकणातले. त्यांनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली ‘श्यामची आई’ घरोघर गेली. आणि असोद्याच्या बहिणाबाई चौधरी, ज्यांस अक्षरओळख नव्हती, त्यांच्या गाण्यांत माय आहे. तीं गाणीं त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. आम्ही तीं वर्गांत शिकवीत असूं, आणि तास संपला कीं वह्यांतल्या ‘माय’ खोडीत असूं.

गेल्या वैशाखांत धुळ्यास एका लग्नाला गेलों होतों. मांडवांत एक प्रौढ गृहस्थ पुढें येऊन पायां पडले. ओळख पटावयास वेळ लागला. तोच तो सहावींतला मुलगा. शेजारीं खुर्चीवर त्यांची वृद्ध माता बसली होती. आमच्याकडे वळून ते म्हणाले, ‘गुरुजी, ही माझी आई.’ मग तिच्या कानाशीं वांकून म्हणाले, ‘माय, ह्या मना गुरुजी शेतस.’

म्हातारीनें डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे नीट पाहिलें, आणि मुलास विचारलें, ‘लाल शाईना गुरुजी?’

गृहस्थांनीं मान खालीं घातली. आम्हीं पुढें होऊन तिला नमस्कार केला.