बंडीचा धक्का आणि नालीचे झाकण
सिमेंटमध्ये लोखंडी तंतू का घालावा



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खोडवा, खत यांवर लिहावे. सिमेंट-गिट्टी हा आमचा विषय नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. पण मागच्या हंगामात ऊस घेऊन आलेल्या ब्रह्मपुरी गटातील एका सभासदाच्या बंडीखाली यार्डाच्या दरवाजाजवळचे नालीचे झाकण फुटले. मागच्या बैलाचा पाय आत गेला आणि दुखावला. ते झाकण आमच्याच देखरेखीखाली ओतलेले होते. सभासद शांतपणे एवढेच म्हणाले, "साहेब, शिमीट तं चांगलं होतं नं, मंग फुटलं कसं?" तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. नुकसानीचा विषय संचालक मंडळापुढे ठेवला आहे. उत्तर मात्र आम्हीच शोधले पाहिजे असे वाटले, म्हणून हा लेख.

ओझे वेगळे, धक्का वेगळा

सिमेंट खरोखरच चांगले होते. सळाखी होत्या, पाणीही मारले होते. चूक अशी झाली, की आम्ही बंडीच्या वजनाचा विचार केला, धक्क्याचा केला नाही.

धानाचे चुंगडे कोणी हळूच खांद्यावर ठेवले तर माणूस ते पेलतो. तेच चुंगडे हातभर उंचीवरून टाकले तर तोच माणूस बसतो. वजन तेवढेच, पण धक्का मोठा. ओझे टेकवून एकदम सोडले तरी त्याचा परिणाम जवळजवळ दुप्पट होतो असे शास्त्र सांगते. उंचीवरून पडले तर कितीतरी अधिक. लोखंडी धाव असलेले चाक खड्ड्यातून उसळून झाकणाच्या काठावर आपटते तेव्हा हेच घडते. ट्रॉलीतून उसाची मोळी पडते तेव्हाही हेच.

शिवाय काँक्रीटचा स्वभाव एकांगी आहे. दाब ते भरपूर सोसते, ताण मात्र दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच सोसते. वरून घाव बसला की त्याची लाट झाकणातून खाली जाते, तळाला आपटून परत फिरते आणि परतताना ताण होऊन येते. म्हणून घाव वर बसतो आणि खपली खालून निघते. आमच्या झाकणाचेही तसेच झाले होते. वरून ते चांगले दिसत होते, खालून मात्र आधीच सुटत आले होते. सळाखी आपल्या जागी होत्या, पण दोन सळाखींच्या मधले काँक्रीट धरून ठेवायला कोणी नव्हते.

उपाय आपल्या घरातलाच

झाडीपट्टीतल्या आपल्या आयाबायांना हा उपाय ठाऊक आहे. भिंत लिंपताना मातीत तणस कालवतात. नुसती माती वाळली की तडकते, तणस घातलेली माती एकमेकींना धरून राहते. काँक्रीटमध्ये तणसाच्या जागी बारीक पोलादी तारांचे तुकडे घालायचे, एवढाच काय तो फरक. हे तुकडे साधारण 25 ते 60 मिलिमीटर लांब असतात, जाडी अर्धा ते एक मिलिमीटर, आणि पुष्कळदा टोके आकड्यासारखी वाकवलेली असतात. 1960 नंतरच्या दशकात अमेरिकेत यावर बरेच संशोधन झाले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये, घणाने जमिनीत ठोकायच्या पोकळ खांबांच्या काँक्रीटमध्ये प्लॅस्टिकचे तंतू वापरले गेले.

तंतूमुळे भेग पडायची थांबत नाही, हे नीट समजून घ्यावे. भेग पडतेच, पण तिच्या दोन्ही काठांना तंतू शिवणीसारखे धरून ठेवतात. भेग रुंदावायची तर प्रत्येक तंतू ओढून बाहेर काढावा लागतो आणि त्यात धक्क्याचा जोर खर्ची पडतो. टोकाला आकडा असतो तो याचसाठी.

हे मोजण्याची एक साधी रीत अमेरिकन काँक्रीट संस्थेच्या समितीने घालून दिली आहे. सुमारे 15 सेंटिमीटर व्यासाची आणि 6 सेंटिमीटरहून थोडी जाड अशी काँक्रीटची चकती घेतात. तिच्यावर पोलादी गोळा ठेवून 4.54 किलोचा घण सुमारे 46 सेंटिमीटरवरून पुनःपुन्हा सोडतात. कितव्या घावाला पहिली भेग पडली आणि कितव्या घावाला चकती फुटली, हे दोन आकडे लिहितात. साध्या काँक्रीटमध्ये हे दोन आकडे जवळजवळ असतात. पोलादी तंतूच्या काँक्रीटमध्ये पहिल्या भेगेनंतरही चकती पुष्कळ घाव सोसते.

आम्ही यार्डात आपल्या परीने तसेच करून पाहिले. एकाच मापाची दोन झाकणे सळाखींशिवाय ओतली, एक साधे आणि एक तंतूचे. दोन्हींवर घण टाकला. साध्याचे सरळ दोन तुकडे झाले. तंतूच्या झाकणावर भेगांचे जाळे उठले, पण ते जागचे हलले नाही. बैलाच्या पायासाठी हाच फरक मोलाचा आहे. झाकण खराब झाल्याचे दिसते, बदलायला वेळ मिळतो, पाय आत जात नाही.

हिशेब

एक घनमीटर काँक्रीटमध्ये आकारमानाने 1 टक्का तंतू म्हणजे सुमारे 78 किलो पोलाद. आपले झाकण 60 बाय 60 सेंटिमीटर आणि 10 सेंटिमीटर जाड धरले तर एका झाकणाला पावणेतीन किलोच्या वर तंतू लागतो. अर्धा टक्का घातला तर दीड किलोच्या आत भागते. खर्च वाढतो हे खरे, पण बैलाच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

तयार झाकण घ्यायचे असेल तर भारतीय मानक 12592 चे पाहून घ्यावे. त्यात अडीच, 10, 20 आणि 35 टन असे चार दर्जे आहेत. अडीच टनाचे झाकण पायवाटेपुरते. ट्रक-ट्रॉली जाते तिथे 20 टनांच्या खालचे बसवू नये.

करताना घ्यायची काळजी

पहिली गोष्ट, तंतू हा सळाखींचा पर्याय नाही. झाकणात, पाटावरच्या फरशीत, स्लॅबमध्ये सळाखी ठेवून वर तंतू घालावा.

दुसरी, तंतू एकदम ओतू नये, त्याचे गोळे होतात. चाळणीने पसरत घालावा, गिट्टी बारीक घ्यावी. माल घट्ट वाटतो म्हणून मिस्त्री पाण्याचे घमेले ओतू पाहतो, त्याला अडवावे. जादा पाण्याने काँक्रीटची ताकद जाते. ओतल्यावर किमान 10 दिवस, उन्हाळ्यात 14 दिवस पाणी मारावे.

तिसरी, वर आलेली तार गंजते आणि अनवाणी पायाला बोचते. शेवटचा हात फिरवताना ती आत दाबावी.

चौथी, बाजारात पांढरा प्लॅस्टिकचा तंतू पुडीत मिळतो. ओल्या काँक्रीटला सुरुवातीला पडणाऱ्या बारीक भेगांवर तो चांगला आहे. एका पुडीच्या भरवशावर जड बंडीचा धक्का सोपवू नये.

पाचवी गोष्ट खास आपल्यासाठी. "साहेब, चिपाडाचा तंतू फुकट आहे, तोच घाला," असे काहींनी सुचवले. तसे करू नये. चिपाडात साखर राहते आणि सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भाग साखरसुद्धा ते जमणे लांबवते. वनस्पतीचा तंतू सिमेंटच्या क्षारात हळूहळू कुजतो तो वेगळाच. जमलेल्या काँक्रीटलाही रस आणि मळी खातात, म्हणून सांडली की लगेच धुवावे.

पुढे काय

गोसीखुर्दची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी झाली. त्याचा उजवा कालवा ब्रह्मपुरी तालुक्यातून जातो. पाणी येईल तिथे चाऱ्या येतात, चाऱ्यांवर फरश्या येतात आणि फरशीवरून बंडी जाणारच. म्हणून हा विषय यार्डापुरता नाही.

पुढील हंगामापूर्वी यार्डातील सर्व झाकणे सळाखी आणि तंतू दोन्ही घालून बदलावीत, असा प्रस्ताव आम्ही वार्षिक सभेपुढे ठेवीत आहोत. तोवर सभासदांनी नालीवरून बंडी सावकाश हाकावी. झाकणावर बारीक भेग दिसली तरी गटाच्या कर्मचाऱ्याला सांगावे, आणि जमल्यास वाकून खालची बाजूही पाहावी. आम्ही ती पाहिली नव्हती.

आपला,
ऊस विकास अधिकारी